सतरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांसारखी शिक्षा हवी का? बदलापूरच्या घोषणा, पुण्याचा निबंध आणि कायद्यातली एक विचित्र रेघ

२० ऑगस्ट २०२४. बदलापूर स्टेशनवर सकाळच्या गर्दीच्या वेळी लोक लोकलमध्ये चढण्याऐवजी थेट रुळांवर उतरले. सुमारे दहा तास कर्जत मार्गावरची वाहतूक ठप्प होती. शहरातल्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झालं होतं, तिथला सफाई कर्मचारी अटकेत होता आणि रुळांवर एकच घोषणा होती : फाशी द्या. तीही आजच, इथेच.

मंत्री गिरीश महाजन समजूत काढायला स्टेशनवर आले, पण जमाव हलला नाही. शेवटी संध्याकाळी पोलिसांनी लाठीमार करून रूळ मोकळे केले.

तो आरोपी २४ वर्षांचा होता, म्हणजे कायद्याने पूर्ण सज्ञान. पण समजा, तो १७ वर्षांचा असता तर? 'फाशी द्या'ची घोषणा थांबली असती का? बहुतेक नाही. उलट 'वय कसलं बघता, कृत्य बघा' ही आणखी एक घोषणा त्यात मिसळली असती. हे वाक्य त्याच वर्षी, तीन महिने आधी, पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर अख्ख्या महाराष्ट्राने म्हणून झालं होतं.

वय बघायचं की कृत्य? कायदा नेमकं काय बघतो? आणि आपण मागतो तसा कायदा कडक केला, तर त्याच्या तावडीत नेमकी कुणाची मुलं सापडतील?

आधी पुण्याचं काय झालं ते नीट बघू

१९ मे २०२४, रविवार, पहाटे अडीचच्या सुमारास कल्याणीनगरमध्ये एका भरधाव पोर्शे कारने दुचाकीला धडक दिली. दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर जागीच गेले. दोघेही २४ वर्षांचे, मूळचे मध्य प्रदेशातले. गाडी चालवणारा मुलगा बांधकाम व्यावसायिकाचा, वय १७ वर्षं ८ महिने. त्याआधी तो मित्रांबरोबर पबमध्ये दारू प्यायल्याचं पोलिसांनी सांगितलं.

काही तासांतच बाल न्याय मंडळाच्या एका सदस्याने त्याला जामीन दिला. अटींमध्ये रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायचा होता, १५ दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम करायचं होतं आणि समुपदेशन घ्यायचं होतं. यातली निबंधाची अट तेवढी देशभर पोहोचली. दोन जीव आणि ३०० शब्द. असा हिशेब ज्याने ऐकला त्याला चीड येणारच, आणि ती रास्तही होती.

पुढचं मात्र कमी लोकांच्या लक्षात राहिलं. लोकक्षोभ वाढल्यावर तीनच दिवसांत, २२ मे रोजी, मंडळाने आपलाच आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. जामीन मात्र रद्द केलाच नाही. एकाच वेळी जामिनावरही आणि कोठडीतही. २५ जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भारती डांगरे आणि न्यायमूर्ती मंजूषा देशपांडे यांच्या खंडपीठाने ही कोठडी बेकायदा ठरवली आणि मुलाला आत्याच्या ताब्यात द्यायला सांगितलं. बाहेर कितीही आरडाओरडा असला तरी कोर्टाला कायद्यानेच चालावं लागतं, असा या निकालाचा आशय होता.

म्हणजे रस्त्यावरच्या दबावातून जे मिळालं, ते महिनाभरात कोर्टात पडलं. आधी घाईत दिलेला जामीन, मग घाईत केलेली दुरुस्ती.

आणि खरा मामला वेगळाच निघाला. मुलाच्या रक्ताचा नमुना ससून रुग्णालयात बदलला गेल्याचा आरोप झाला. तिथल्या दोन डॉक्टरांना अटक झाली. मुलाचे वडील, आजोबा आणि आई यांनाही वेगवेगळ्या आरोपांखाली अटक झाली. कामकाजातल्या त्रुटींबद्दल चौकशी होऊन ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने मंडळाच्या दोन सदस्यांना पदावरून काढलं. ज्यांच्यावर कारवाई झाली त्यांच्यात अल्पवयीन कुणीच नव्हतं. हे सगळे मोठे होते.

'बाल न्याय मंडळ' म्हणजे काय?

बाल न्याय कायदा २०१५ नुसार १८ वर्षांखालच्या मुलावर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याला 'आरोपी' म्हणत नाहीत. मराठी सरकारी भाषेत त्यासाठी 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असा जिभेची परीक्षा घेणारा शब्द आहे. त्याला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत मंडळासमोर उभं करावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक महिला.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा सगळा पट्टा ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या परिमंडळ चारमध्ये येतो. इथल्या एखाद्या मारामारीत किंवा चोरीत अल्पवयीन मुलगा सापडला, की बातमीच्या शेवटी 'त्याची रवानगी भिवंडीच्या बालसुधारगृहात' असं एक वाक्य असतं. त्यानंतर त्या मुलाचं काय झालं, हे पुन्हा छापून येत नाही. आपल्यासाठी गोष्ट तिथे संपते. मंडळासाठी ती तिथून सुरू होते.

परिवीक्षा अधिकारी मुलाच्या घरी जातो, शाळेत विचारतो, संगत कुणाची ते बघतो आणि अहवाल देतो. जामीन हा नियम आहे, मग गुन्हा जामीनपात्र असो वा नसो. सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची, त्याच्या जिवाला किंवा वळणाला धोका असण्याची किंवा न्यायाचा हेतूच फसण्याची शक्यता असेल तरच जामीन नाकारता येतो. दोष सिद्ध झाला तर समज देण्यापासून ते विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवण्यापर्यंतचे आदेश होऊ शकतात.

'तीन वर्षं' हा आकडाच लोकांना टोचतो, आणि तो टोचायला एक जुनी जखम आहे.

कायदा आधीच कडक झालाय, हे माहितीये का?

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या बलात्कार आणि हत्येच्या प्रकरणात सहा आरोपींपैकी एक १८ च्या काही महिने अलीकडे होता. त्याला तीन वर्षं सुधारगृहात ठेवण्याचा आदेश झाला. बाकीच्यांपैकी चौघांना फाशी. तेव्हापासून 'वय १६ करा' ही मागणी देशभर आहे.

तेव्हा नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये बलात्काराविरोधी कायदे कडक करायला सांगितलं, पण बालकाची वयोमर्यादा खाली आणायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी जुलैमध्ये १८ ची मर्यादा कायम ठेवली. पुढच्याच महिन्यात, २२ ऑगस्ट २०१३ रोजी, मुंबईत शक्ती मिलच्या आवारात एका छायाचित्रकार पत्रकारावर सामूहिक बलात्कार झाला. तिथल्याच आणखी एका बलात्काराची तक्रार पुढे आली. दोन्ही प्रकरणांत एकेक अल्पवयीन होता. २०१५ मध्ये बाल न्याय मंडळाने त्या दोघांना दोषी धरून तीन वर्षांसाठी नाशिकच्या बोर्स्टल स्कूलमध्ये पाठवलं. पुन्हा तोच आकडा.

२० डिसेंबर २०१५ ला दिल्लीतला तो मुलगा सुटला. दोनच दिवसांनी, २२ डिसेंबरला, राज्यसभेने नवा बाल न्याय कायदा मंजूर केला. पीडितेचे आईवडील त्या वेळी प्रेक्षक गॅलरीत होते. १५ जानेवारी २०१६ पासून कायदा लागू झाला.

या कायद्यात कलम १५ आहे. मुलगा १६ ते १८ वयाचा असेल आणि गुन्हा 'अतिगंभीर' असेल, तर मंडळ त्याचं प्राथमिक मूल्यांकन करतं. हा गुन्हा करण्याची त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता होती का? परिणाम त्याला कळत होते का? परिस्थिती काय होती? हे बघून मंडळ त्याला मोठ्यांप्रमाणे खटला चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. तिथे त्याला मोठ्यांच्या कायद्यातली शिक्षा होऊ शकते. फक्त दोन गोष्टी होऊ शकत नाहीत : फाशी आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप. २१ वर्षांचा होईपर्यंत त्याला वेगळ्या सुरक्षित ठिकाणी ठेवतात. मग त्याच्यात किती बदल झाला ते पाहून सोडायचं की उरलेल्या शिक्षेसाठी तुरुंगात पाठवायचं ते ठरतं.

थोडक्यात, ज्या कायद्याची मागणी आपण अजून करतोय, तो २०१६ पासून पुस्तकात आहे. मग पुण्यात तो का लागू झाला नाही?

कायद्यातली ती विचित्र रेघ

ही गोष्ट थोडी तांत्रिक आहे, पण सगळी मेख इथेच आहे.

ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे, तो 'अतिगंभीर'. इथे 'किमान' हा शब्द महत्त्वाचा. कमाल शिक्षा जन्मठेप असेल, पण किमान शिक्षा ठरवलेलीच नसेल किंवा ती सात वर्षांपेक्षा कमी असेल, तर तो गुन्हा 'अतिगंभीर' होत नाही, नुसता 'गंभीर' राहतो. आणि 'गंभीर' गुन्ह्यात मुलाला मोठ्यांसारखं उभं करता येत नाही.

पुणे अपघातात मुख्य कलम होतं सदोष मनुष्यवधाचं, भारतीय दंड संहितेचं ३०४. त्यात जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहे, पण किमान सात वर्षांची अट नाही. त्यामुळे या मुलाला सज्ञान मानून खटला चालवण्याचा पोलिसांचा अर्ज बाल न्याय मंडळाने १५ जुलै २०२५ रोजी फेटाळला. तेव्हाही लोक चिडले. पण ही मंडळाची मेहेरबानी म्हणता येणार नाही. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिल्पा मित्तल विरुद्ध दिल्ली राज्य या खटल्यात हाच अर्थ लावून दिला होता. योगायोग बघा, तो खटलाही एका अल्पवयीनाने मर्सिडीज चालवून घेतलेल्या बळीचाच होता. पुढे २०२१ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती करून हीच व्याख्या लिहून टाकली. म्हणजे आपल्याच खासदारांनी.

आता रेघेच्या दुसऱ्या बाजूला कोण आहे ते बघा.

कल्पना करा, उल्हासनगर स्टेशनबाहेर रात्री एका सतरा वर्षांच्या मुलाने चाकू दाखवून कुणाचा तरी मोबाईल हिसकावला. कुणाला खरचटलंही नाही. पण प्राणघातक शस्त्र वापरून जबरी चोरी केली तर किमान शिक्षा सात वर्षं. म्हणजे 'अतिगंभीर'.

दुसरं उदाहरण. अंबरनाथच्या एखाद्या चाळीतला सतरा वर्षांचा मुलगा आणि शेजारच्या गल्लीतली साडेसोळा वर्षांची मुलगी एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि पळून जातात. मुलीचे वडील तक्रार करतात. १८ खालच्या मुलीच्या संमतीला कायद्यात अर्थ नाही, त्यामुळे शरीरसंबंध आले असतील तर पॉक्सो लागतो. किमान शिक्षा दहा वर्षं. मुलगी १६ पेक्षा लहान असेल तर वीस. हेही 'अतिगंभीर'.

दारू पिऊन दोघांना चिरडणारा सतरा वर्षांचा मुलगा 'गंभीर'. चाकू दाखवून मोबाईल पळवणारा आणि पळून जाऊन प्रेम करणारा 'अतिगंभीर'. कलम १५ नंतरच्या दोघांना लागू शकतं, पहिल्याला नाही.

हे वाचून 'मग सदोष मनुष्यवधही अतिगंभीर करा' असं कुणी म्हणू शकतं, आणि तो गैरलागू मुद्दा नाही. संसद तसं करू शकते. पण 'सरसकट वय १६ करा' ही मागणी वेगळी आहे. ती पोर्शेकडे बघून केली जाते आणि लागू होईल मात्र स्टेशनबाहेरच्या आणि चाळीतल्या मुलाला. पोर्शेवाल्याकडे वकील आहे, आजोबा आहेत, आणि आरोप खरे असतील तर रक्ताची बाटली बदलून देणारी माणसंही. चाळीतल्या मुलाच्या बापाला भिवंडीला तारखेला जायचं तर एक दिवसाचा रोज बुडतो.

पण खरंच मुलं इतके गुन्हे करतायत का?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात अल्पवयीनांविरुद्ध ३० हजार ५५५ गुन्हे नोंदले गेले. त्या वर्षी देशात एकूण नोंदलेले गुन्हे होते ५८ लाखांहून अधिक. म्हणजे दर दोनशे गुन्ह्यांमागे एक. पकडल्या गेलेल्या ३७ हजार ७८० मुलांपैकी जवळपास चार पंचमांश १६ ते १८ वयोगटातले होते आणि बहुतांश मुलं आईवडिलांसोबत राहणारी होती. महाराष्ट्र या यादीत सातत्याने वरच्या क्रमांकांवर असतो, ही आपल्याकडची खरी काळजीची बाब.

आकडा छोटा आहे म्हणून दुःख छोटं होत नाही. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याला 'दोनशेत एक' सांगून काय उपयोग? पण धोरण ठरवताना प्रमाण माहीत असलेलं बरं, कारण लक्षात राहतात ती दोन-तीन प्रकरणं आणि कायदा लागू होतो हजारोंना.

मग लोकांना कडक शिक्षाच का हवी असते?

याचं एक उत्तर कॅनडातून येतं. अँथनी डूब आणि ज्युलियन रॉबर्ट्स या दोन अभ्यासकांनी १९८० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. एकाच खटल्याची माहिती काही लोकांना वर्तमानपत्रातल्या बातमीतून दिली आणि काहींना कोर्टाच्या कागदपत्रांच्या सारांशातून. शिक्षा तीच. बातमी वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती फार सौम्य वाटली. कागदपत्रं वाचणाऱ्यांमध्ये उलट ती फार कडक वाटणारे जास्त निघाले.

लोक क्रूर नसतात. त्यांना अर्धवट माहिती मिळते, आणि ती आम्हीच देतो. 'निबंध लिहायला सांगितला' हे शीर्षक क्लिक आणतं, 'समुपदेशन' हा शब्द आणत नाही. हे मी डिजिटल न्यूजरूममध्ये बसून लिहितेय, तेव्हा त्यात माझाही वाटा धरा.

दुसरं उत्तर बदलापूरमध्ये आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या दिवशी रुळांवर उतरलेल्या लोकांचा राग फक्त आरोपीवर नव्हता. मुलींच्या पालकांना तक्रार नोंदवून घ्यायला पोलीस ठाण्यात सुमारे बारा तास ताटकळावं लागलं होतं. शाळा गप्प होती. पुढे तीन पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित केलं गेलं आणि ऑक्टोबरमध्ये शाळेच्या दोन विश्वस्तांना अटक झाली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन पोलिसांना खडसावलं. खरी मागणी 'आमचं ऐका' ही होती. पण जिथे कुणी ऐकत नाही, तिथे ती मागणी सर्वांत मोठ्या शिक्षेचं रूप घेते. 'एफआयआर वेळेत नोंदवा' अशी घोषणा दहा तास कोण देणार? 'फाशी द्या' देता येते.

मग २३ सप्टेंबर २०२४ ला पोलिसांच्या गाडीत, मुंब्रा बायपासजवळ, तो आरोपी गोळी लागून मेला. त्याने पोलिसाचं पिस्तूल हिसकावल्याचं पोलिसांनी सांगितलं. बदलापुरात पेढे वाटले गेले, मुंबईत 'बदला पुरा'चे फलक लागले. त्याच्या दफनाला बदलापूर, अंबरनाथ भागात जागा मिळेना. अखेर कोर्टाच्या दारात गेल्यावर २९ सप्टेंबरला उल्हासनगरच्या शांतीनगर स्मशानभूमीत, पोलीस बंदोबस्तात दफन झालं. तिथेही आधी खणलेला खड्डा काही रहिवाशांनी बुजवला होता. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकारी चौकशीचा अहवाल उच्च न्यायालयात आला. त्यात या मृत्यूला पाच पोलीस जबाबदार असल्याचा निष्कर्ष होता.

आरोपीवर खटला चाललाच नाही. शाळेत त्या दिवशी आणि त्याआधी काय काय घडलं, कुणाला कधी कळलं, कुणी दाबलं, हे त्याच्या तोंडून आणि त्याच्या उलटतपासणीतून बाहेर आलं असतं, ते त्याच्याबरोबर गेलं. त्या दोन मुलींच्या आईवडिलांसाठी हा न्याय होता की नव्हता, हे ठरवायचा हक्क त्यांचा. पण जमावाने मागितलेली शिक्षा मिळाली की जमावाला हवं असलेलं उत्तरही मिळतंच, असं नाही, हे या तीन शहरांनी पाहिलं.

कडक केलं तर गुन्हे कमी होतात का?

अमेरिकेने हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. १९९० च्या दशकात तिथल्या बहुतेक राज्यांनी अल्पवयीनांना मोठ्यांच्या कोर्टात पाठवणं सोपं केलं. २००७ मध्ये तिथल्या आरोग्य यंत्रणेने नेमलेल्या तज्ज्ञगटाने उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. मोठ्यांच्या कोर्टात पाठवलेली मुलं, बाल न्यायालयात राहिलेल्या तशाच मुलांपेक्षा पुन्हा गुन्ह्यात पकडली जाण्याचं प्रमाण सुमारे ३४ टक्क्यांनी जास्त निघालं. कारण समजायला अवघड नाही. सतरा वर्षांच्या मुलाला सराईतांच्या बराकीत ठेवलं, तर तो काय शिकून येईल?

दुसरी बाजूही आहे. इंग्लंडमध्ये १९९३ साली दोन वर्षांच्या जेम्स बल्जरचा खून करणारी दोन मुलं अवघ्या दहा वर्षांची होती. त्यांना २००१ मध्ये नवी ओळख देऊन सोडलं. त्यांपैकी एक नंतर पुन्हा पुन्हा तुरुंगात गेला, दुसऱ्याबद्दल तसं काही आलं नाही. सुधारणा प्रत्येक मुलावर चालते असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. म्हणून तर मूल्यांकन लागतं, आणि ते नीट व्हायला लागतं. गुरुग्रामच्या एका शाळेतल्या खुनाच्या प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, मंडळावर बालमानसशास्त्र शिकलेलं कुणी नसेल, तर मूल्यांकनाला मानसोपचारतज्ज्ञांची किंवा मानसशास्त्रज्ञांची मदत घ्यायलाच हवी.

आणि १६ वय ही काही नवी कल्पनाही नाही. १९८६ च्या कायद्यात मुलग्यांसाठी १६ आणि मुलींसाठी १८ हीच मर्यादा होती. भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला आणि २००० च्या कायद्यात सगळ्यांसाठी १८ झालं. त्याच्याही मागे जायचं तर मुंबईतल्या डोंगरीचं बालसुधारगृह बघा. ती वास्तू मुळात तुरुंग होती. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर तिथेच १०१ दिवस होते. तुरुंगाचं मुलांचं घर झालं, ते मुलांना मोठ्या कैद्यांपासून वेगळं ठेवायला हवं हे मुंबई प्रांताने १९२४ च्या बाल कायद्यात मान्य केल्यानंतर. आपल्याकडच्या भिंती अजून तुरुंगाच्याच आहेत असा टोमणा कुणी मारला, तर तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही.

घरात अल्पवयीन मुलगा किंवा मुलगी असेल, तर हे माहीत असू द्या

अल्पवयीनाच्या हाती दुचाकी किंवा कार दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. क्लासला जायला स्कूटर दिली, एवढंही पुरे.

वय गुन्हा घडला त्या दिवशीचं धरतात. आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका-महापालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. कागद जपून ठेवा.

पोलिसांनी मुलाला ताब्यात घेतलं तर त्याला लॉकअपमध्ये बसवता येत नाही आणि २४ तासांत मंडळासमोर न्यावं लागतं. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं, त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

आणि कुणाच्याही अल्पवयीन मुलाचा, मग तो पीडित असो वा आरोप असलेला, नाव, फोटो, शाळा किंवा पत्ता कळेल असं काही फॉरवर्ड केलंत, तर कलम ७४ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पोर्शे प्रकरणात त्या मुलाचा म्हणून फिरलेला फोटो किंवा व्हिडिओ तुमच्या ग्रुपवर अजून असेल, तर डिलीट करायला हरकत नाही.